सौरपंपाच्या नावाने येणारे खोटे मंजुरीपत्र

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला ‘आपला अर्ज मंजूर झाला’ असा संदेश आला, की शहानिशा करण्याचे भान राहत नाही, आणि फसवणारे नेमके हेच हेरतात. आमच्या शेजारच्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर असेच पत्र आले. त्यावर अशोकस्तंभाची मुद्रा होती, साहेबांची सही होती, गोल शिक्काही होता. ‘वाहतूक व विमा शुल्क’ म्हणून ५,६०० रुपये त्याच दिवशी पाचच्या आत भरायचे होते. काकांनी तुरीच्या चुकाऱ्यातून ते भरले. दुसऱ्या दिवशी जीएसटीपोटी आणखी रक्कम मागितली, तेव्हा ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. मी ते मोठे करून पाहिले, तर तालुक्याचे नाव चुकलेले आणि बँक खाते एका खासगी व्यक्तीचे होते.

या योजनेत शेतकऱ्याला आपला हिस्सा खरोखरच भरावा लागतो, सर्वसाधारण गटाला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. त्यामुळे कोणी पैसे मागितले, एवढ्यावरून खोटेपणा ओळखू येत नाही. तो मागण्याच्या रीतीत दिसतो: खाते खासगी, मुदत काही तासांची, आणि एक रक्कम भरली की लगेच दुसरी. म्हणून हिस्सा भरण्यापूर्वी महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा उपविभागीय कार्यालयात अर्ज क्रमांक दाखवून खात्री करावी. ‘पीएम किसान’च्या नावाने येणारी एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, तर उघडूच नये, कारण ती मोबाइलमध्ये बसली की ओटीपीचे संदेश परस्पर वाचले जाऊ शकतात. यूपीआयचा पिनही पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

मला सर्वांत जास्त लागले ते पुढचे. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवले, तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. पण ‘गावात हसे होईल’ म्हणून काकांनी दोन दिवस तक्रारच केली नाही आणि तोवर पैसे काढून घेतले गेले होते. फसलेल्या माणसाला ‘एवढेही कळले नाही का’ असे विचारणारे आपणच त्याचे तोंड बंद करतो.

माझी आपणास विनंती आहे, की कापूस-तुरीचे बाजारभाव ज्या चौकटीत छापले जातात, तिच्याखाली १९३० हा क्रमांक रोज द्यावा. ती चौकट आमच्या गावात पारावर मोठ्याने वाचली जाते.

– एक शेतकरी वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ