अफवा वर्गात उघडून दाखवा: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत बेदम मारून ठार केले. त्या सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता, ज्यात मोटारसायकलवरचे दोघे खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पालकांना सावध करण्यासाठी कराचीत बनवलेला होता. त्यात पुढे ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तेवढाच भाग कापला. कापणारा लबाड होता, पण घाबरून तो कापलेला व्हिडिओ पुढे ढकलणारे असंख्य आईबाप लबाड नव्हते.

शासनाचे उपाय मात्र बहुतांशी त्या एका लबाडाच्या मागे असतात, आणि गुन्हा नोंदवेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. गॉर्डन पेनिकूक आणि डेव्हिड रँड या संशोधकांना आढळले की विचारल्यास बऱ्याच लोकांना खरे-खोटे ओळखता येते. पुढे पाठवताना तो प्रश्नच त्यांच्या मनात येत नाही. एखाद्या मथळ्याच्या खरेपणाविषयी आधी विचारले, तर नंतर खोट्या बातम्या पाठवण्याचे प्रमाण कमी होते. हा परिणाम फार मोठा नसतो, पण तो जवळपास फुकटात मिळतो.

राजकीय शिवीगाळीचे कोडे वेगळे आहे. ‘मोबाइलने माणसे बिघडली’ हे आपले आवडते निदान; पण अमेरिका व डेन्मार्कमध्ये बोर आणि पीटरसन यांनी केलेल्या अभ्यासात, ऑनलाइन आक्रमक असणारी माणसे प्रत्यक्षातही तशीच असल्याचे दिसले. समाजमाध्यमांवर ती सर्वांच्या नजरेस पडतात, एवढेच. अशांना पाठ्यपुस्तकातला धडा सुधारणार नाही. त्यांना पाठबळ कुठून मिळते, हे कोणत्याही पक्षाच्या आयटी सेलला ठाऊक असते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. नववी-दहावीच्या वर्गात तो कराचीचा व्हिडिओ आधी कापलेला, मग पूर्ण दाखवावा, आणि दोन्हींच्या मध्ये ‘हे तू कोणाला पाठवशील?’ एवढेच विचारावे. त्यासाठी स्वतंत्र विषय, परीक्षा किंवा गुण नकोत. नाहीतर त्याचेही गाइड निघेल. आणि आपल्या पक्षासह सर्व पक्षांच्या प्रचार विभागांनी, खोटा ठरलेला मजकूर ज्या गटांत पाठवला त्याच गटांत दुरुस्तीही पाठवावी, असा प्रस्ताव आपण सर्वपक्षीय बैठकीत मांडावा.

आपला,
एक पालक