बुऱ्हाणपूरला दीड तास पुरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ओंकारेश्वर-महेश्वर सहलीचा तीन दिवसांचा आराखडा वाचला. त्यात बुऱ्हाणपूरच्या वाट्याला ‘जाता जाता दीड तास’ आला आहे. शाही किल्ल्यातला हमाम, तापीपलीकडचा आहुखाना म्हणजे मुघलांचे मृगोद्यान, मावा जिलबी, की चला पुढे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या सहलीच्या बसनेही हेच केले. मुमताज इथे वारली, हे गाइडने दोनदा सांगितले आणि आम्हाला गाडीत बसवले.

मी रावेरची. आजीच्या काळी आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला बुऱ्हाणपूरलाच जात, म्हणून जरा जास्त लागले.

मुमताजचे खरेच आहे. 1631 मध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथे गेली. पण तिचा देह इथे जेमतेम सहा महिने होता, पुढे आग्ऱ्याला नेला. गाव त्याच्या सव्वादोनशे वर्षे आधीचे, फारुकी सुलतानांनी वसवलेले. त्याला नाव मिळाले खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचे आणि समोरच्या काठावरच्या जैनाबादला झैनुद्दीन शिराझींचे. तेही खुलताबादचेच. म्हणजे तापीच्या दोन्ही काठांना नावे गेली ती आपल्या मराठवाड्यातून! हे गाइडने सांगितले असते, तर बसमधले निम्मे लोक झोपेतून उठले असते.

मला विचाराल तर सुरुवात जामा मशिदीपासून करावी. आतल्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर चक्क संस्कृत शिलालेख आहे, देवनागरीत. आरंभ सृष्टिकर्त्याला नमस्कार करून, मग अव्यक्त, व्यापक, नित्य अशा ईश्वराची स्तुती, पुढे फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी संवत, शके 1511, तिथी, नक्षत्र. मशीद बांधणारा सुलतान आदिलशाह फारुकी आणि तिचा दिवस सांगतोय पंचांगाच्या भाषेत. मी शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले. त्या ओळींपुढे उभी राहिले तेव्हा बसचा हॉर्न वाजत होता.

कुंडी भंडारा तर यादीतच नव्हता. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे भूजल अडवून, शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, जमिनीखालच्या बोगद्याने जोडून, निव्वळ उतारावर पाणी शहरात आणले. काळ जहांगीरचा, देखरेख अब्दुर्रहीम खानखानाची. होय, दोहे लिहिणारा तोच रहीम. नांदेडला जाताना 1708 मध्ये गुरू गोविंदसिंग इथे थांबले, तिथे गुरुद्वारा आहे. बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी गावाबाहेर आहे. आपल्याला मात्र शाळेपासून 1681 ची बुऱ्हाणपूरची लूट तेवढी पाठ.

पुरवणीच्या पुढच्या आराखड्यात या गावाला पूर्ण एक दिवस द्यावा आणि त्या संस्कृत लेखाचा मराठी अर्थ चौकटीत छापावा, एवढीच विनंती. भुसावळ-खंडवा मार्गावरच्या गाडीने आलात तर बसच्या हॉर्नचीही भीती नाही. मशिदीत शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नये, नमाजाची गर्दी असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रावेर