खडी समजण्याआधी दगड उलटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थाच्या तयारीत गोदाकाठी खोदकाम निघाले की आधी काळी माती, मग पिवळसर गाळ आणि त्याखाली वाळू-गोट्यांचा घट्ट थर लागतो. ठेकेदाराच्या लेखी तो भराव. नाशिकच्या सर्वांत जुन्या माणसांची अवजारे मात्र अशाच थरांत सापडतात.

पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी निफाड परिसरातल्या गोदावरी आणि कादवा यांच्या काठांची पाहणी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. नाशिकजवळ गंगापूर येथेही नदीच्या जुन्या गोट्यांत हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळाल्या. (फरशी म्हणजे परशूसारख्या रुंद, सरळ धारेचे अवजार, घरातली नव्हे.) तरीही 'नाशिकचा इतिहास' म्हटले की आपली गाडी पांडवलेणीच्या मागे काही जात नाही.

आदिमानव हाताला येईल तो दगड आपटत होता, ही समजूत तर पार चुकीची आहे. आपल्याकडचा सगळा काळा दगड (बसाल्ट) अवजाराला चालत नाही. पोकळ्यांत पांढरे-हिरवे स्फटिक भरलेला बसाल्ट फोडला, तर तडा एखाद्या पोकळीत अडकतो आणि धार कच्ची निघते. लागतो तो भरीव, बारीक कणांचा बसाल्ट किंवा त्याच्याच जातीचा डोलेराइट. घाव कडेजवळच घालायचा आणि घाव घालायची बाजू व छिलका (घावाने सुटणारा पातळ तुकडा) सुटायची बाजू यांतला कोन ९० अंशांच्या आत ठेवायचा. कोन वाढला की छिलका सुटतच नाही, दगडाला नुसती चीर जाते. जोर कमी पडला तर छिलका अर्ध्यात तुटून पायरी राहते. त्याच जागी पुन्हा मारत राहिले की पायरीवर पायरी चढते आणि दगड वाया जातो.

फरशीत तर कारागिराचे डोके उघड दिसते. तिची धार नंतर तासून काढलेली नसते. मोठ्या गोट्यावरून आधी एक छिलका काढून सपाट खाच करतात, मग दुसरा मोठा छिलका असा सोडवतात की त्याची आतली बाजू आणि आधीची खाच जिथे मिळतील तिथे आयती धार तयार व्हावी. पुढे टवके काढायचे ते फक्त दोन्ही बगलांना आणि मुठीच्या बाजूला. म्हणजे अवजार गोट्यापासून सुटण्याआधीच त्याची धार ठरलेली असते. हे 'ओबडधोबड' कसे म्हणायचे?

ओळखताना दोन्ही बाजूंनी घोटाळा होतो. छिलक्यावर घावाच्या जागेखाली फुगवटा असतो हे खरे, पण क्रशरच्या खडीवरही तो दिसतो. त्यामुळे एका फुगवट्यावर भिस्त ठेवू नये. एकाच कडेला, दोन्ही अंगांनी, ओळीने निघालेल्या टवक्यांच्या खुणा आहेत का आणि सगळ्या खुणांवर सारखीच करडी-तपकिरी पुटे चढली आहेत का, हे पाहावे. पुटे चढलेल्या दगडावर मधेच काळा ताजा टवका दिसला, तर तो नांगराचा किंवा जेसीबीच्या दाताचा. कडा गुळगुळीत झिजल्या असतील तर दगड नदीने वाहून आणलेला. धारदार राहिल्या असतील तर माणूस जवळपासच बसला होता. शेतात मिळणारी अकीक-गारगोटीची नखाएवढी पाती पुष्कळ नंतरची. ती लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत चिकाने बसवून वापरत. काहींच्या धारेवर गवत-धान्य कापून आलेली चकाकी असते.

सापडलेला दगड उचलून दिवाणखान्यात ठेवण्याची हौस मात्र आवरावी. बसाल्ट स्वतः साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचे अवजार कधी झाले, हे नुसत्या दगडावरून कळत नाही. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमच्या अवजारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे ठरले, ते ती थरात किती काळ गाडलेली होती हे मोजता आले म्हणून. तेव्हा आधी थरासकट फोटो घ्यावा, शेजारी नाणे किंवा पेन ठेवावे, जमिनीपासूनची खोली आणि ठिकाण लिहावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. तारेच्या ब्रशने घासू नये. चार दगड एका पिशवीत टाकू नयेत. घासाघाशीने धारेवर नवे टवके पडतात आणि मग जाणकारही फसतो.

नदीकाठच्या कामांच्या निविदेत एक अट घालता येईल: गोट्यांचा थर लागला की त्या कडेवरचे काम अर्धा दिवस थांबवून पुरातत्त्वाच्या जाणकाराला ती कड दाखवावी. पावसानंतर लगेच दाखवली तर उत्तम, कारण धुतलेल्या कडेत थर स्पष्ट दिसतात.

एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक