काका, फिल्म निवडायला तुम्ही शिकवलंत

शि. सा. न. वि. वि.

काका, समोर बसून आभार मानायला लागले तर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण तुम्ही जे सांगितलंत ते रात्री फिल्मवर फोटो काढू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

मी विचारलं होतं, रात्रीसाठी जास्तीत जास्त आयएसओची, म्हणजे प्रकाशाला जास्तीत जास्त संवेदनशील असलेली, वेगवान फिल्म घ्यायची ना? तुम्ही उलट विचारलंत, "कॅमेरा हातात धरणार, की ट्रायपॉडवर लावणार?" ट्रायपॉड म्हटल्यावर तुम्ही कागद ओढून दोन रकाने आखलेत. एकात ४०० आयएसओची कोडॅकची ट्राय-एक्स, दुसऱ्यात १००ची फुजीची अ‍ॅक्रॉस, दोन्ही कृष्णधवल. प्रकाश मोजणारं मीटर ४००ला १० सेकंद दाखवत असेल तर १००ला ४०. इथवर ट्राय-एक्स पुढे. मग खाली कंपन्यांच्या तक्त्यांतले आकडे लिहिलेत. मीटरच्या १० सेकंदांना ट्राय-एक्सला प्रत्यक्षात ५० द्यावे लागतात, अ‍ॅक्रॉसला मात्र १२० सेकंदांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही. म्हणजे 'मंद' फिल्मचं काम ४० सेकंदांतच उरकतं, शिवाय ग्रेन, म्हणजे फोटोत दिसणारे कण, बारीक. आणि मीटरने १०० सेकंद सांगितले तर ट्राय-एक्स १२०० मागते, चक्क वीस मिनिटं!

लांब एक्स्पोजरला फिल्म मीटरच्या वेळेपेक्षा जास्त वेळ मागते, त्या रेसिप्रॉसिटी फेल्युअरचा अर्थ मला त्या दोन रकान्यांनी समजला. प्रकाश फार कमी असला की फिल्ममधल्या चांदीच्या क्षाराच्या कणावर फोटॉन इतके सावकाश येऊन पडतात, की पुढचा येईपर्यंत आधीच्याचा ठसा विरून जातो. सावल्यांना याची झळ जास्त बसते, दिव्यांना कमी. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि ट्राय-एक्सला लांब एक्स्पोजर दिलं असेल तर डेव्हलपिंगची वेळ कमी करायची. हेही तुम्ही त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून दिलंत. हातात कॅमेरा धरून चालत्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर वेगवान फिल्मच हवी, हे सांगायलाही विसरला नाहीत.

कॅमेऱ्याबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात होतं: शटर यांत्रिक हवं आणि बटण दाबून ठेवलं तोवर शटर उघडं ठेवणारं 'बी' सेटिंग हवं. ज्या कॅमेऱ्याचं शटर बॅटरीवर उघडं राहतं, तो लांब एक्स्पोजरला बॅटरी खात बसतो. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० यांना 'बी'वर बॅटरी लागतच नाही. सोबत स्क्रूने लॉक होणारी केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढायचा, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यांची भुतं फ्रेममध्ये उमटतात. एफ/१.४ची, म्हणजे जास्त प्रकाश घेणारी पण जड लेन्स हवी असा माझा आग्रह होता, पण ट्रायपॉडवर एफ/८च्या लहान छिद्राला काम करायचं असताना त्या वजनाचा उपयोग काय, हे तुमचं म्हणणं मला मनापासून पटलं.

तुमचा काळा पुठ्ठा तर मी बॅगेतून काढतच नाही. शटर उघडं असताना गाडीचा हेडलाइट समोर आला की पुठ्ठा लेन्सच्या अगदी जवळ, पण लेन्सला न टेकवता धरायचा, सेकंद मोजणं थांबवायचं, गाडी गेली की पुठ्ठा बाजूला आणि मोजणी पुढे चालू. इतक्या साध्या गोष्टीने रस्त्याची चौकट वाचते, आणि हे करून दाखवायला तुम्ही रात्री माझ्यासोबत थांबलात.

रंगीत फिल्मचं मात्र अजून पूर्ण पचलेलं नाही. टंगस्टन फिल्म ३२०० केल्व्हिनच्या प्रकाशासाठी जुळवलेली असते, त्यामुळे जुन्या पिवळ्या बल्बखाली ती रंग सावरते, एवढं कळलं. सिनेस्टिल ८००टीमध्ये फिल्मच्या पाठीवरचा, प्रकाश परत फिरू न देणारा काळा रेमजेट थर काढलेला असतो, म्हणून दिव्यांभोवती लाल वलय येतं. ते वलय हवं असेल तरच ती घ्यावी, हा तुमचा सल्ला मी तंतोतंत पाळते. सोडियमच्या दिव्यांखाली काय करायचं, यावर तुमच्याशी निवांत बोलायचं आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक फ्रेमची नोंद ठेवते: मीटरची वेळ, दिलेली वेळ, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकडा). वही पुढच्या भेटीत आणते. तुमच्या लाल पेनाच्या खुणा त्यात हव्या आहेत. काकूंना नमस्कार सांगा. रात्री उशिरापर्यंत तुम्हाला बाहेर थांबवल्याबद्दल त्यांचेही आभार मानायचे आहेत.

लोभ असावा, ही विनंती.

आपली विद्यार्थिनी