मुठेत जेटबोट? आधी जाळी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत मुलीकडे न्यूझीलंडला गेलो होतो. जावयाने हौसेने ग्लेनॉर्कीजवळ डार्ट नदीवर जेटबोटीत बसवलं, तो व्हिडिओ मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि झालं, तेव्हापासून रोज कोणी ना कोणी म्हणतंय, काका, आपल्या पुण्याच्या मुठा नदीत पण हे पाहिजे, लकडी पुलापासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत, पर्यटन वाढेल. म्हणून हे पत्र.

माझं हडपसरला पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आणि जेटबोट म्हणजे दुसरं काही नाही, इंजिनाला जोडलेला पंपच. खाली पंखा नाही, तळाला जाळी, तिथून पाणी आत ओढायचं, इम्पेलरने, म्हणजे पंपाच्या आतल्या फिरत्या पात्यांनी, दाबायचं आणि मागच्या नॉझलमधून जोरात फेकायचं, बोट पुढे. बिल हॅमिल्टन नावाच्या तिथल्या मेंढपाळ-इंजिनिअरने १९५४ साली ही बोट पळवली, कारण त्याच्या भागातल्या नद्या गोट्यांवरून पसरत वाहणाऱ्या, तिथे साध्या बोटीचा पंखा तुटायचा. त्याने आधी पाणी तळाखालीच सोडलं, वेग मिळेना, मग नॉझल पाण्याच्या वर काढलं आणि बोट सुटली! मला तर ऐकूनच बरं वाटलं. वेगात असताना वीतभर पाणी सुद्धा खूप होतं. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी १९७७ ला अशाच बोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर निघाले, ते नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवलं तेव्हाच थांबले.

आता डार्टवर काय झालं ते सांगतो. मधेच बोटीचा जोर कमी झाला. ड्रायव्हरने काठाला घेतली, मागचं झाकण उघडलं, हात घालून काटक्या आणि मूठभर शेवाळ काढलं, परत चालू. मी लगेच ओळखलं, जाळी चोंदली की पंप हवा धरतो, आमच्याकडे विहिरीवर रोजचंच आहे. फरक एवढाच की इथे सगळं स्टिअरिंग त्या फेकलेल्या पाण्यावर. इंजिनाचा जोर कमी केला की वळणं पण बंद, म्हणजे दगड समोर दिसला तर हा गडी थांबायच्या ऐवजी जोर आणखी वाढवतो, आणि आपण शेजारी डोळे मिटून बसायचं.

आणि ही एवढी भानगड तिथे, जिथलं पाणी बर्फ वितळून येतं, मैलोनमैल घर नाही, प्लॅस्टिकची पिशवी शोधून सापडायची नाही.

परवा मुद्दाम संगमावर जाऊन उभा राहिलो. जलपर्णीचा गालिचा, त्यात दोन नारळ, निर्माल्याच्या गाठ मारलेल्या पिशव्या, एक उशी. उशी! पावसाळ्यात म्हणावं तर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला रस्ताच पाण्याखाली जातो, तेव्हा कोण बसणार बोटीत. ग्रुपवर एकाने लगेच लिहिलं, मग खडकवासल्यात करा. अहो, ते आपलं प्यायचं पाणी आहे, आणि तिथल्या खोल साचलेल्या पाण्यात जेटची गरजच काय.

तरी कोणाला मुठेत बोट सोडायचीच असेल तर माझ्याकडून विनामूल्य सल्ला. नुसती जाळी साफ करायला एक माणूस दिवसभर लागेल, आणि त्या पाण्यात हात घालायला तो किती पगार मागेल ते आधी विचारून घ्या.

आपला,
एक पंपवाला, हडपसर, पुणे