वाकलेल्या रिमला आच नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार कोल्हापूरच्या दसरा चौकात येते, तेव्हा ती डोळे भरून पाहायला लहानथोर सारेच पुढे सरसावतात. जुन्या मोटारींविषयी एवढी आपुलकी असलेल्या या गावात त्यांची वाकलेली चाके ज्या रीतीने सरळ केली जातात, त्याविषयी लिहिणे मला गरजेचे वाटते.

वडिलांची १९५७ सालची लँडमास्टर मोटार आजही आमच्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याहून परतताना वाघबीळच्या खाली तिचे पुढचे डावे चाक खड्ड्यात आदळले आणि रिमचा काठ आत दबला. ज्या गॅरेजमध्ये मी ती रिम दिली, तिथे गॅसच्या ज्योतीने ती लाल होईपर्यंत तापवून घणाने ठोकण्यात आली. रंग दिल्यावर ती नवीकोरी दिसत होती. पण तीन महिन्यांच्या आत त्याच जागी पुन्हा वाकली आणि टायरची एक बाजू झिजून गेली.

तापवून ठोकण्याची ही सवय कोठून आली असावी, याचा मी बराच विचार केला. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना लोहार ती तापवतो, कारण तापून फुगलेली धाव लाकडी पाट्यांवर सहज बसते आणि पाणी ओतताच आकसून त्यांना आवळून धरते. तिथे आच हेच कामाचे मर्म आहे. मोटारीच्या पोलादी रिमचे तसे नाही. तिचा पत्रा थंड अवस्थेतच रोलरखाली वळवलेला असतो आणि त्या घडणीत त्याला अधिकची ताकद आलेली असते. एका जागी तो लालभडक केला की तेवढा भाग नरम पडतो आणि निवताना आकसून शेजारचा चांगला भागही ओढून घेतो.

शेवटी उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या वस्तीतील एका वयोवृद्ध फिटरांकडे मी गेलो. तापवलेली रिम त्यांनी बाजूलाच ठेवली आणि स्टेपनीची 'आउट', म्हणजे फिरताना डुलणारी, रिम माझ्यासमोर सरळ करायला घेतली. गंज घासून काढल्यावर त्यांनी तिला रॉकेल लावले, कोरडे पुसले आणि खडू फासला. कोठे बारीक चीर असली तर आत शिरलेले रॉकेल पाझरून खडूवर रेघ उमटते. बोल्टच्या छिद्रांभोवती अशी रेघ दिसली असती, तर त्यांनी ती रिम भंगारातच घालायला सांगितली असती. मग गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, आधी तपासला, कारण हब वाकलेला असला तर दोष उगाच रिमवर येतो. डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापयंत्र, त्यांनी ठेचलेल्या काठावर न लावता टायर जिथे बसतो त्या आतल्या कडेवर लावला, चाक हळूहळू फिरवत बाजूला डुलण्याचा दोष आणि वर-खाली उसळण्याचा दोष वेगवेगळा मोजला आणि खडूने खुणा केल्या. त्यानंतर रिमच्या वळणाबरहुकूम घडवलेला लाकडी ठोकळा मध्ये ठेवून प्रेसवर थोडा थोडा दाब दिला, आणि तोही दर वेळी हवा त्याहून किंचित जास्त, कारण दाब सुटताच पोलाद थोडे मागे येते. दाब, डायल, पुन्हा दाब, असे सायंकाळपर्यंत चालले आणि साडेतीन मिलिमीटरवर असलेला काटा एका मिलिमीटरच्या आत आला.

तारांच्या चाकांचे काम निराळे. तिथे स्पोकचे निपल, म्हणजे तारेच्या टोकाचा छोटा नट, आवळून किंवा सैल करून रिम मध्यावर आणता येते. पण १९२८ ते १९३१ या काळातील फोर्ड मॉडेल ए मोटारीच्या तारा वेल्डिंगने जोडलेल्या असल्यामुळे तिला सायकलचा न्याय लावता येत नाही.

अनेक जण हा खटाटोप नको म्हणून मूळ रिमा विकून अलॉय चाके बसवतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी सुरू केली. त्यातील बंधन मुख्यतः चासी, बॉडी आणि इंजिनातील बदलांवर आहे, हे खरे. तरीही मूळ चाके गमावलेल्या गाडीला मूळ रूपातील म्हणणे मला पटत नाही.

जुन्या पिढीतील कारागीर म्हादबा मिस्त्रींचे नाव आजही ज्या उद्यमनगरात आदराने घेतले जाते, तिथे डायल आणि प्रेस यांची वाण नाही. वाण आहे ती हे काम थंडपणे करणाऱ्या हातांची, आणि असे हात आता सत्तरीपुढे गेले आहेत. येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने आणि उद्योजकांच्या संघटनांनी अशा कारागिरांना मानधन देऊन वर्षातून काही दिवस मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांपुढे उभे करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझी तापवून बिघडलेली रिम मी टाकलेली नाही. आच लागल्याने काय होते हे मुलांना हाताने तपासून पाहता यावे म्हणून ती संस्थेला देण्यास मी तयार आहे.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर