प्रॅक्टिकल व्हा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला व्यवहारवादावरचा, म्हणजे प्रॅग्मॅटिझमवरचा, लेख वाचला, दोनदा वाचला आणि दुपारची झोप गेली ती गेलीच. आधी सोपी तक्रार. या विचाराचा मोठा तत्त्वज्ञ जॉन ड्यूई म्हणून तुम्ही जो फोटो छापलाय तो मेल्विल ड्यूईचा आहे, म्हणजे पुस्तकांना नंबर देणारा ड्यूई. मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या लायब्ररीत त्याच्या १८७६ सालच्या दशांश पद्धतीनं पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या, त्या माणसाची दाढी मी झोपेतही ओळखीन. तत्त्वज्ञ ड्यूईला नुसत्या मिशा होत्या आणि चष्मा. तुमच्या ऑफिसात इंटरनेट असेलच.

बरं, फोटो चुकला तर चुकला, लेखात माणूसही चुकलाय. लेखकमहाशयांच्या मते व्यवहारवाद म्हणजे जे चालतं ते बरोबर, आणि म्हणून युद्धाच्या टायमाला नद्या-जंगलांचा विचार करत बसणं हा भाबडेपणा, आधी जिंका, झाडं मग लावू. लेखात 'प्रॅक्टिकल' हा शब्द अकरा वेळा आलाय, मी पेन्सिलीनं गोल करून मोजला. एवढं मनाला लागायचं कारण म्हणजे हा शब्द मी आधी आमच्या फाटकात उभं राहून ऐकलेला आहे.

पाच वर्षांपूर्वी आमच्या ले-आउटमध्ये सिमेंट रोड आला. फाटकासमोर कडुनिंब होता, वडिलांनी घर बांधलं त्या वर्षी लावलेला, माझ्या एकट्याच्या कवेत मावत नव्हता. साहेब आले, टेप लावला, म्हणाले, "काका, प्रॅक्टिकल व्हा ना जरा. एका झाडापायी अख्ख्या लाइनचं काम अडून राहिलं. एकाच्या बदल्यात पाच लावून देतो." मी सही केली. हो, मीच केली, लपवत नाही. सौ. आतून म्हणत होती, अहो थांबा, उद्या सांगतो म्हणा, पण चार शेजारी उभे होते आणि मला शहाणं दिसायचं होतं. सकाळी साडेआठला कटर सुरू झाला, जेवायच्या आत फाटकासमोर ऊन पडलं. त्या झाडात तांबट पक्ष्याची ढोली होती, तो दोन दिवस समोरच्या केबलवर बसून टुक टुक करत होता.

आता हिशोब ऐका. रोड आमच्या फाटकापेक्षा वीतभर उंच झाला, त्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात पाणी अंगणातून हॉलमध्ये आलं आणि खालच्या रॅकवरची पुस्तकं फुगून पावासारखी झाली. पाच रोपं लागली, फोटो निघाले, बॅनर लागला. एक बकरीनं खाल्लं, एक केबलवाल्यांनी खोदताना उपटलं, उरलेली तीन मे महिन्यात गेली, नागपूरच्या मे महिन्यात रोपट्याला आठवडाभर पाणी नाही मिळालं तर काय होते ते कळायला तत्त्वज्ञान शिकावं लागत नाही. पाच ट्री-गार्ड मात्र ठणठणीत उभे आहेत, एकावर शेजारच्या वहिनी पोछा वाळत घालतात. पूर्वी आमचा कूलर एप्रिलमध्ये निघायचा, आता होळी झाली की खिडकीत. हे सगळं कागदावर लिहून घेऊन गेलो तर ते साहेब बदलून गेलेले. नवीन साहेब म्हणाले, "काका, ती फाइल क्लोज झाली."

माझं म्हणणं एवढंच आहे की ड्यूईच्या तत्त्वज्ञानात फाइल क्लोज होत नाही. परिणाम बघायचा म्हणजे परत जाऊन बघायचा, आणि चुकलं असेल तर मत बदलायचं. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा ड्यूई युद्धाच्या बाजूनं होता. त्याच्याच विद्यार्थ्यानं, रँडॉल्फ बोर्ननं, त्याला जाहीरपणे धारेवर धरलं, की बाबा युद्ध हे साधन असं आहे की एकदा हातात घेतलं की ते तुमचे हेतू विचारत बसत नाही. बोर्न पुढच्याच वर्षी फ्लूच्या साथीत गेला, ३२ वर्षांचा होता. ड्यूईनं नंतर व्हर्सायचा तह बघितला आणि तोच माणूस युद्धच बेकायदा ठरवा म्हणणाऱ्यांत जाऊन बसला. तसा १९२८ चा करार झाला, तो काही टिकला नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पण माणूस परत गेला, त्यानं बघितलं. व्यवहारवादाचा दुसरा मोठा तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, त्याचंही तसंच. १९१० च्या निबंधात तो म्हणतो, पोरांना माणसांशी लढायला पाठवण्याऐवजी निसर्गाशी लढायला पाठवा, खाणीत, बोगद्यात, रस्त्यावर. म्हणजे युद्ध टाळायचं आणि मार निसर्गानं खायचा! आज त्याला आमच्या कोराडीच्या वीजकेंद्राचं धुराडं नि राखेचं तळं दाखवलं असतं तर त्यानं तो परिच्छेद स्वतःच खोडला असता असं मला वाटतं. त्याच्याच पद्धतीनं.

लेखकांना माझा प्रश्न, चाललं म्हणजे कोणाचं चाललं आणि किती वर्षं? कुवेतमध्ये १९९१ ला सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या, युद्ध फेब्रुवारीत संपलं, शेवटची विहीर विझायला नोव्हेंबर उजाडला. व्हिएतनाममध्ये जंगलं मारायला अमेरिकेनं चालवलेली विषाची फवारणी १९७१ ला थांबली, पण त्या विषाचा डायॉक्सिन काही ठिकाणच्या मातीत अजून सापडतो. निसर्गाचं व्यापक, दीर्घकाळ टिकणारं आणि गंभीर नुकसान करणारी युद्धपद्धत वापरू नये हे १९७७ मध्ये, युद्धाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांच्या जोड-करारात लिहिलं, ते काय भाबड्या लोकांनी? व्हिएतनाम बघून झाल्यावर लिहिलं ते. याला म्हणतात प्रॅक्टिकल.

आणि हा लेख दीक्षाभूमीच्या गावात छापला जातो याची तर कमाल वाटते. बाबासाहेब कोलंबियात ड्यूईचे विद्यार्थी होते, आणि १९३६ च्या त्या लाहोरला न झालेल्या, जातिनिर्मूलनावरच्या भाषणात त्यांनी नियम वेगळा आणि तत्त्व वेगळं हे किती साफ सांगितलंय. नियम पाळला की हात झटकून मोकळं होता येते, तत्त्व पाळायचं तर डोकं वापरावं लागते आणि जबाबदारी अंगावर येते. 'एकाला पाच' हा नियम होता. पाचही लागली, नियम पाळला गेला!

जाता जाता, ज्या फडताळावर मी युद्धाची नैतिकता १७२ मध्ये आणि निसर्गाची १७९ मध्ये लावायचो, मध्ये जेमतेम हातभर अंतर, ते फडताळ मी रिटायर झाल्यावर रद्दीत गेलं. तिथे आता स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे आहेत. विचारलं तर उत्तर आलं, सर, पोरांना प्रॅक्टिकल काही तरी पाहिजे. बारावा गोल कुठे करू सांगा.

येत्या रविवारी बरोबर फोटो छापावा, आतल्या पानात कोपऱ्यात नको. लेखकमहाशयांना आमच्याकडे चहाला पाठवा, जरूर पाठवा, फक्त जुलैत पाठवा आणि पँट गुडघ्यापर्यंत वर करून यायला सांगा.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, नागपूर